माझं कुत्रं पिसाळलं नव्हतं

माझं कुत्रं पिसाळलं नव्हतं. हे मी तेव्हा सांगितलं होतं आणि आता दात पडले, डोळ्यांना धड दिसत नाही, तरी सांगते. कोणी विचारत नाही, तरी सांगते. त्या वेळची बहुतेक माणसं आता गेली, त्यामुळे या गोष्टीवरून माझ्याशी भांडायला कोणी उरलेलं नाही, याचं मला थोडं वाईटच वाटतं.

माझं सासर रिठदच्या अलीकडे, वाशीमच्या रस्त्यापासून आत. तेव्हा आमचा तो मुलूख अकोला जिल्ह्यात मोडायचा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझ्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. घरात सासरे, सासू, नवरा आणि मी. भिंतीला भिंत लागून सासऱ्यांच्या धाकट्या भावाचं घर. त्यांना मी काकाजी म्हणायची. सासरे फार कमी बोलत. त्यांच्या वाटचं सगळं काकाजी बोलून घेत.

कुत्रा आमच्या खळ्यावर आला तो एवढासा होता. ज्वारीची मळणी चालली होती आणि हा कडब्याच्या गंजीखाली थरथरत बसला होता. मी त्याला भाकरीचा तुकडा टाकला, संध्याकाळी तो बैलबंडीच्या मागे मागे घरी आला. त्याला नाव ठेवलं नाही. शेतावरच्या कुत्र्याला आमच्याकडे कोण नाव ठेवतं? यू यू केलं की तो यायचा, आणि दुसऱ्या कोणी यू यू केलं तर यायचा नाही, एवढं मला पुरे होतं. मला अजून मूल नव्हतं. गावातल्या बायांना तेवढं निमित्त बास होतं. नदीवर धुणं धुताना कोणीतरी हमखास म्हणायची, "लेकरू नाई म्हून कुत्र्याचे लाड करून राह्यली." मी ऐकू येईल इतक्या जोरात कपडा आपटायची.

सकाळी ढोरं सुटली की त्यांचा कोठा झाडून मी शेण मागच्या आवारात न्यायची आणि गोवऱ्या थापायला बसायची. कुत्रा शेजारी. पावसाळ्यात आणि नंतरही बरेच दिवस शेणावर काळे किडे असत, शेणाच्या गोळ्या करून ढकलत नेणारे. कुत्र्याला त्यांचा भारी नाद. पंज्यानं उलटा करायचा, जरा हुंगायचा आणि कुडुम कुडुम खायचा. सासूबाई म्हणायच्या, फुटाणे खाऊन राह्यला बघ. आम्ही हसायचो. कोण नाही हसणार?

मग एका हिवाळ्यात तो खाल्लेलं बाहेर टाकायला लागला. ओकणं म्हणतात तसं नव्हतं ते. पोट आवळणं नाही, कण्हणं नाही. भाकर खायची, मान खाली घालायची, की तो तुकडा तसाच्या तसा, लांबोडका होऊन बाहेर. तो तुकडा तो पुन्हा खायचा आणि पुन्हा टाकायचा. सासूबाईंनी ठरवलं की गळ्यात हाडूक अडकलंय. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे शिळ्या भाकरीचे मोठे गोळे तुपात बुडवून चारायचे, म्हणजे ते हाडाला खाली रेटतात. आम्ही ते केलं. गोळे परत आले, तूप वाया गेलं. कुत्रा दिवसेंदिवस वाळत चालला आणि पुढचे पाय मात्र जाड व्हायला लागले. बरगड्या मोजाव्यात असं अंग आणि पाय बंडीच्या दांडीसारखे. त्याच्या तोंडातून लाळ गळायची, छातीवरचे केस सारखे ओले असायचे.

लाळ गळणारं कुत्रं म्हटल्यावर गावाला काय वाटणार, ते सांगायला नको. आणि खरं बोलायचं तर गावाला भ्यायला कारण होतं. आदल्याच वर्षी गावातला एक गडी कुत्रं चावून मेला होता. त्याला त्याच्याच कोठ्यात बांधून ठेवावं लागलं. पाण्याचा गडवा नुसता दिसला तरी तो किंचाळायचा. आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. मीही कानांवर हात ठेवले होते. तेव्हा लोक उगीच भीत होते असं मी म्हणत नाही. लोक डोळे मिटून भीत होते, असं म्हणते.

आमच्या समोरच्या घरात माझ्याच वयाची एक बाई राहायची. तिची मुलगी चार वर्षांची. ती अंगणात पडली, गुडघा खरचटला, आणि भोकाड पसरून बसली. आमचा कुत्रा तिथे गेला आणि त्यानं तो गुडघा चाटला. लेकरू रडतंय म्हणून चाटला, आणखी काय? पण तिच्या आईनं ते दारातून पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की शेजारपाजारचे सगळे हातातलं टाकून धावत आले.

काकाजी सर्वांत पुढे, हातात काठी. त्यांच्या मागे आणखी पाच-सहा काठ्या. कुत्रा घाबरून आमच्या ओट्याखाली शिरला. मी ओट्यासमोर उभी राहिले. डोक्यावरचा पदर पडला होता, तो मी घेतला नाही.

"सरक बाजूले," काकाजी म्हणाले. "पिसाळला थो."

"नाई पिसाळला. बिमार हाये. दिवाळीपासून बिमार हाये, साऱ्या गावाले माहीत हाये."

"लाळ काहून गळून राह्यली मंग?"

"गिळता येत नाई म्हून गळून राह्यली!"

कोणीतरी म्हणालं, पाणी दाखवा. आमच्याकडे ती रीतच होती. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, म्हणून संशय आला की परातभर पाणी पुढे ठेवायचं आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून पाहायचं. पाणी प्यालं तर सोडायचं, नाही प्यालं तर तिथल्या तिथे मारायचं. मला त्या वेळी बरंच वाटलं. मी स्वतः घरातून परात आणली. तो सकाळपासून तहानलेला होता. मी यू यू केलं, तो ओट्याखालून सरपटत आला आणि लपालप पाणी प्यायला. मी काकाजींकडे पाहिलं. म्हटलं, बघा.

आणि मग त्यानं मान खाली घातली, आणि प्यालेलं सगळं पाणी फेसासकट तोंडातून, नाकातून परत परातीत पडलं.

"पाह्यलं?" काकाजी ओरडले. "पाणी पोटात राहून नाई राह्यलं! अजून काय पाह्यजे?"

पाण्याला भिणं वेगळं आणि पाणी खाली न उतरणं वेगळं, हे मी सांगत होते. पण त्या गलक्यात माझं ऐकतंय कोण! काठ्या वर गेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खाली बसले, कुत्र्याचं तोंड उघडलं आणि माझा उजवा हात मनगटापर्यंत आत घातला. त्यात काही शहाणपण नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला इतका राग आला होता की त्यांनी निदान क्षणभर गप्प बसावं एवढंच हवं होतं, आणि ते गप्प बसले.

"चावन तं मले चावन," मी म्हटलं. "मारा आता. मारायचं असन तं माह्या हातासकट मारा."

कुत्रा चावला नाही. त्यानं जिभेनं माझा हात बाहेर ढकलायचा प्रयत्न केला, एवढंच.

माझा नवरा तिथेच उभा होता. भला माणूस, पण काकांसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. बोलले ते सासरे. इतका वेळ ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "बंडी जुंप. वाशीमले ढोराईचा दवाखाना हाये. डाक्टर सांगन. थो म्हणन पिसाळला, तं मी सोता मारतो." आणि समोरच्या बाईला म्हणाले, "तूही चाल, बाई. पोट्टीले घे."

त्या बंडीत आम्ही दोघी समोरासमोर बसलो. ती मुलीला छातीशी धरून पुढच्या अंगाला, मी कुत्र्याला दोरीनं धरून मागच्या अंगाला. नवरा बैल हाकत होता, सासरे पायी चालत होते. वाशीम येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. फक्त एकदा तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला तिचा राग आला होता आणि कीवही येत होती.

डॉक्टर बाहेरगावचा होता, खाकी पँट, पुस्तकी मराठी आणि सदा कपाळाला आठी. त्यानं आधी कुत्र्याचं तोंड बांधलं. कधीपासून आजारी आहे, काय खातो, खाल्लेलं किती वेळानं परत येतं, सगळं विचारलं. मग पुढच्या पायांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे असे जाड कधी झाले?"

मी सांगितलं, संक्रांतीच्या आगेमागे.

"हा पिसाळलेला वाटत नाही. पिसाळलेला कुत्रा इतके महिने जगत नाही," तो म्हणाला. मी सासऱ्यांकडे पाहिलं. पण पुढे तो म्हणाला, "याचं दुखणं दुसरं आहे. शेणातले किडे खातो का?"

मी हो म्हटलं. त्यानं फडताळातून एक बरणी काढली. आतल्या औषधाच्या पाण्यात कवठाएवढा मांसाचा गोळा होता, मधोमध चिरलेला, आणि चिरेतून दोऱ्यासारखे जंत लोंबत होते. दुसऱ्या कुठल्या तरी कुत्र्याचा होता तो. जिवंतपणी हे जंत लालभडक असतात, तो म्हणाला. त्यानं समजावून सांगितलं ते मी तेव्हापासून विसरले नाही. शेणकिड्याच्या अंगात हा जंत अगदी बारीक असतो. कुत्र्यानं किडा खाल्ला की जंत पोटातून रक्ताच्या नळीत शिरतो, नळीच्या भिंतीतून वर चढतो आणि छातीत अन्ननळीला येऊन ठाण मांडतो. तिथे गाठ होते. कुठल्या कुत्र्याला त्या गाठीचा त्रासही होत नाही. कुठल्या कुत्र्याची गाठ मात्र पुढे बिघडते आणि वाढतच जाते, मग अन्नाला वाट राहत नाही. छातीत असं काही वाढलं की पायांची हाडंही जाड होतात. "का होतात ते मला विचारू नका," तो म्हणाला.

"औषध?" मी विचारलं.

"नाही."

"काहीच नाई?"

"बाई, असतं तर दिलं नसतं का?"

सासऱ्यांनी विचारलं, मग बाकीच्या कुत्र्यांना हे होऊ नये म्हणून काय करायचं. डॉक्टर म्हणाला, शेणापासून लांब ठेवा. सासरे हसले. ते इतके क्वचित हसत की मी चमकून पाहिलं. "साहेब," ते म्हणाले, "आमच्या गावात शेण नाई असं एक तं घर दाखवा."

मग डॉक्टरनं मुलीचा गुडघा साबणानं धुवून दिला आणि तिच्या आईला सांगितलं की त्याला स्वतःला खात्री आहे, पण लेकराच्या जीवाचा प्रश्न असताना नुसत्या खात्रीवर सोडायचं नसतं. कुत्रा दहा दिवस बांधून ठेवायचा. लाळेत विष असेल तर तो तेवढ्या दिवसांत मरतोच. दहा दिवसांनंतर जिवंत असला तर मुलीला कसलीही भीती नाही. त्याआधी मेला, तर मुलीला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि पोटात सुया घ्यायच्या. "आणि तुम्हीसुद्धा," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "तोंडात हात घातलात म्हणे. वेड लागलंय का?"

"हाव," मी म्हटलं.

परत येताना बंडीत मला सगळा घोळ समजला. हा कुत्रा मरणारच होता. आज नाही तर महिन्यानं, पण उपासमारीनं मरणार होता. तो या दहा दिवसांत मेला, तर गाव म्हणणार, पिसाळूनच मेला. मग त्या एवढ्याशा पोरीच्या पोटात सुया टोचणार, मला कोठ्यात बांधून ठेवायची तयारी होणार, आणि काकाजी जन्मभर सांगत फिरणार की बघा, मी म्हणत होतो. ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही असं कुत्रं मला जगवायचं होतं. समोर बसलेल्या बाईनंही तोच हिशेब केला असावा. गाव जवळ आलं तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"जगन काय थो?"

"जगवतो मी," मी म्हटलं. आमच्याकडे बायाही 'जगवतो'च म्हणतात.

काकाजींचं म्हणणं पडलं की कुत्रं दूर वावरात, धुऱ्याच्या बांधावरच्या बाभळीला बांधा. मी ते आमच्या दारातच, रस्त्याच्या बाजूला खांबाला बांधलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसलं पाहिजे. तिकडे वावरात मेलं असतं तर कशानं मेलं हे गावानं ठरवलं असतं. इथे, म्हटलं, या आणि रोज तोंड पाहून जा. नवरा म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांचं म्हणून झालंय, आता त्यांना बघू द्या.

पहिले दोन दिवस वाईट गेले. आंबील दिली, परत आली. दूध दिलं, परत आलं. तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचा की मला त्याच्यावरच राग यायचा. मी म्हणायची, गीळ रे बापा, एवढं गीळ, मेहेरबानी कर. सासूबाई म्हणाल्या, बाई, तुझ्या जिवाला काहीतरी होईल, तूच दोन घास खा. मला घास जात नव्हता.

मग आमच्या एका बैलाचं पोट फुगलं. सासऱ्यांनी त्याचं तोंड वर धरलं, नवऱ्यानं बांबूची नळी घशात घालून वरून ओव्याचा काढा ओतला. मी बाजूला उभी होते आणि पाहत होते की मान वर असली की काढा उताराच्या पाण्यासारखा खाली जातो. मी तशीच कुत्र्याकडे आले. त्याचे पुढचे दोन्ही पाय उचलून ओट्यावर ठेवले, तो माणसासारखा उभा राहिला. ओट्यावर आंबिलीची वाटी ठेवली. ज्वारीची पातळ, पाण्यासारखी आंबील, किंचित मीठ. तो उभ्या उभ्या प्यायला. मग मी त्याला खाली उतरू दिलं नाही. त्याला तसाच छातीशी धरून मी बसले, मान वर, आणि कोठ्यातून हाक आली तरी उठले नाही.

आंबील परत आली नाही. अर्धी तरी राहिली. मी तिथे बसून रडले. आणि कोणी पाहत असेल तर पाहू दे, म्हटलं.

त्यानंतर माझं तेच काम झालं. थोडं थोडं, दिवसातून कितीतरी वेळा, ओट्यावर उभं करून. बाया पाणी घेऊन जाताना थांबायच्या. "कुत्र्याले पंगतीले बसवलं वो," एक म्हणाली. "हाव," मी म्हटलं, "तुह्या नवऱ्यापरीस गुमान जेवते." तिचा नवरा जेवताना ताट फेकायचा हे गावाला माहीत होतं. ती पुन्हा माझ्या दारात थांबली नाही.

समोरची बाई मात्र रोज सकाळी यायची. उजाडल्याबरोबर तिच्या दाराची कडी वाजायची. ती रस्ता ओलांडून यायची, कुत्र्याची बरगडी हलते का पाहायची आणि परत जायची. मग एका सकाळी तिनं शेळीचं दूध आणलं. "हे पातळ असते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मला बैलाचं करायचं होतं, तर तीच त्याला छातीशी धरून बसली. आधी तिनं हाताला फडकं गुंडाळलं होतं. थोड्या वेळानं पाहिलं तर फडकं बाजूला पडलं होतं.  मैत्रीबित्री काही नव्हती हो. तिला तो जगायला हवा होता आणि मलाही हवा होता.

दहावा दिवस गेला. अकराव्या सकाळी तो खांबाजवळ उन्हात उभा होता आणि माझ्याकडे पाहून शेपूट हलवत होता. समोरच्या बाईनं मुलीला रस्त्यावर आणलं, दूर उभं केलं आणि म्हणाली, "पाह्य, जिता हाये." 

मला वाटलं होतं, आता कोणीतरी काहीतरी म्हणेल. चुकलं आमचं, एवढं नको, पण निदान, बरं झालं बाई.  काठ्या घेऊन आलेले सगळे आमच्या दारावरून मान खाली घालून गेले. संध्याकाळी काकाजी ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "नसन पिसाळला. पण आता याच्यात काय राह्यलं? एक दांडकं घाला अन् मोकळं करा."

"काकाजी," मी म्हटलं, "तुमाले नुसतं दांडकं घालायचं हाये. निमित्त कोणतं बी चालते."

सासूबाईंनी आतून माझ्या नावानं हाक मारली, म्हणजे गप्प बस. सासरे तंबाखू मळत होते. ते मळतच राहिले. त्यांनी मला अडवलं नाही हे मी त्यांचं आजवर मानत आले आहे.

तो होळीपर्यंत जगला. पुढे पुढे पाय इतके जाड झाले की ओट्यावर उचलून ठेवताना त्याला दुखायचं. मग मी त्याला मांडीवर घेऊन पाजायची. शेवटी शेवटी मान वर धरूनही पाणी उतरेना. आता मात्र मी त्याला बळजबरीनं काही पाजलं नाही. एका दुपारी गोवऱ्या रचून मी पुढे आले तर तो ओट्याच्या सावलीत आडवा होता, तोंड मिटलेलं, छाती कोरडी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छाती कोरडी पाहिली.

आता पुढचं. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या गावानं एका वस्तीवर लादलेलं होतं. मेलेला बैल असो, कुत्रं असो, पायाला दोरी बांधायची आणि त्यांनी ओढत न्यायचं, अशी रीत. त्या वर्षी त्या वस्तीनं ते काम करायला नकार दिला होता. तुमची ढोरं तुम्ही उचला, म्हणाले होते. गाव त्यांच्यावर धुमसत होतं. कोणाची मेलेली म्हैस दोन दिवस दारात फुगून पडली, पण घरच्या माणसांनी हात लावला नाही.

काकाजींना यातही आनंदच झाला. पारावर चार माणसं बसली होती, त्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "घ्या. दारातच ठेवा आता तुमचा राजा. कोन उचलते पाहू."

मी आत गेले. शेणाचं मोठं टोपलं घेतलं, खाली माझं जुनं लुगडं अंथरलं आणि कुत्र्याला त्यात ठेवलं. नवरा म्हणाला, "थांब, अंधार पडू दे. मी नेतो." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, पण अंधारात न्यायला मी काही चोरी केली नव्हती. कुदळ मात्र मी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, वावरात जाऊन खड्डा खण. तो गेला. जाताना त्यानं काकाजींकडे पाहिलं नाही.

टोपलं डोक्यावर घेऊन मी वाटेला लागले. आमच्या वावराकडे मागून एक वाट होती, बोरीच्या कुंपणाकडून. मी ती घेतली नाही. गावातून, पारावरून, मारुतीसमोरून गेले. काकाजी तोवर पारावर जाऊन बसले होते, ते उठून रस्त्यात आले.

"लाज हाये काय? आपल्या घरची बाई हे काम करून राह्यली? बाटवलं घर!"

"ज्याईच्यावर इतके दिवस टाकलं होतं, काकाजी, त्याईच्या घरी बाया नव्हत्या काय?"

  काकाजी रस्त्यातून हलले नाहीत. माझी मान दुखायला लागली होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि पदर आवरायला हात मोकळा नव्हता.  टोपलं पडलं असतं तर सगळं हसं झालं असतं.

मग टोपल्याची एक बाजू उचलली गेली. मी वळून पाहिलं. समोरची बाई होती. तिच्या कडेवर मुलगी होती, तिला तिनं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी टोपल्याचा काठ धरला. आम्ही ते दोघींमध्ये घेतलं.

"हलकाच हाये," मी म्हटलं. "मी नेतो एकटी."

"माहीत हाये हलका हाये. म्या धरला नाई काय त्याले?"

काकाजी तिच्यावर ओरडले. "तू तं शहाणी व्हय! तुह्याच पोट्टीले चाटलं होतं त्यानं. ठेव खाली!"

ती बाई गावात कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती, ती एक किंकाळी सोडली तर. आताही मोठ्यानं बोलली नाही.

"दहा दिवस माह्या लेकराचा जीव याच्या जिवाले बांधला होता, काकाजी," ती म्हणाली. "हा उपाशी जगला म्हून माही पोट्टी उभी हाये. तुमी सरका."

आणि काकाजी सरकले.